एक पिढी उशिरा पोचणारा सल्ला

श्रीधर व्यंकटेश केतकर परदेशातून परतले तेव्हा त्यांच्याजवळ कॉर्नेल विद्यापीठाची पीएचडी होती आणि भारतातल्या जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ छापून झालेला होता. कायमची प्राध्यापकी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. मग त्यांनी कंपनी काढली, गावोगाव हिंडून भागधारक आणि वर्गणीदार जमवले आणि त्या पैशावर 23 खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला. इरावती कर्वे बर्लिनहून पीएचडी घेऊन आल्या आणि काही वर्षं एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून कचेरी सांभाळत राहिल्या. त्यांना साजेशी संशोधनाची जागा मिळाली ती 1939 मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संस्था म्हणून नव्याने सुरू झाल्यावर. रा. चिं. ढेरे यांचं नाव घेतल्याशिवाय मराठी लोकसंस्कृतीचा अभ्यास पुढे सरकत नाही; पण त्यांचं बहुतेक काम विद्यापीठाच्या पगाराबाहेर, लेखणीच्या मिळकतीवर झालं.

ही नावं मी काढतो ती 'तेव्हा माणसं कशी त्यागी होती' हे सांगायला नव्हे. त्याग त्यांनी हौसेने केलेला नव्हता; जागाच नव्हत्या. इतिहास, भाषा, साहित्य, समाजशास्त्र यांत संशोधन करणाऱ्याला पुढे प्राध्यापकी असतेच, ही समजूत महाराष्ट्रात जेमतेम तीस वर्षं खरी होती. त्याआधी ती खरी नव्हती आणि त्यानंतरही राहिली नाही. तरी अजून घरोघरी सल्ला दिला जातो तो त्या तीस वर्षांतलाच.

ती तीस वर्षं साधारण 1960 ते 1990. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये आलं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ 1962 मध्ये. शिक्षणसंस्थांनी तालुक्यातालुक्याला महाविद्यालयं काढली, आणि पुढे पगाराचा भार सरकारने उचलला. कला शाखा काढणं सगळ्यांत स्वस्त: ना प्रयोगशाळा, ना उपकरणं, चार खोल्या, खडू-फळा, मराठी-इतिहास-अर्थशास्त्राचा एकेक माणूस. एम.ए. झालेल्या मुलाला शेजारच्या तालुक्याहून बोलावणं येई. 'एम.ए. कर, कुठेतरी चिकटशील' हा सल्ला तेव्हा अगदी बरोबर होता. संशोधन बहुधा नोकरीनंतर यायचं. कित्येकांनी पीएचडी चाळिशीत केली, बढतीसाठी. त्यातून काही उत्तम प्रबंध निघाले आणि बरेच कपाटात गेले. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी: त्या जागा ज्ञानाच्या मागणीतून निर्माण झाल्या नव्हत्या. पहिल्यांदाच कॉलेजात येणारी बहुजन समाजाची मुलं आणि सरकारचं अनुदान, या दोन गोष्टींतून त्या आल्या. अनुदान आटल्यावर त्या थांबणार हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

त्याच काळात एक दुसरी वाटही होती, जिच्याबद्दल आज फार कमी बोललं जातं. भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. डेक्कन कॉलेजात 1948 मध्ये संस्कृत महाकोशाचा प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी शेकडो ग्रंथांतून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या आणि पहिला खंड यायला 1976 उजाडलं. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश चालला होता. त्याचाही पहिला खंड 1976 चाच. या ठिकाणी तरुण एम.ए. झालेले लोक पाठभेद नोंदवत, नोंदी तपासत, मुद्रितं वाचत. पगार बेताचा, बढतीचा पत्ता नाही, नाव कुठेतरी खंडाच्या सुरुवातीच्या यादीत बारीक टाइपात. पण हात तयार व्हायचा. हस्तलिखित कसं वाचायचं, संदर्भ कसा तपासायचा, दोन पानांचा मजकूर दोन परिच्छेदांत कसा आणायचा, हे तिथे जितकं शिकलं जाई तितकं विद्यापीठांच्या वर्गात शिकवलेलं मला दिसत नाही. मोठे कोशप्रकल्प मंदावले तेव्हा नोकऱ्या गेल्या त्या थोड्याच. तालमीची जागा गेली याची नोंद कोणी घेतली नाही.

मग नेट आली. राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू झाली 1989 मध्ये, आणि 19 सप्टेंबर 1991 च्या नियमावलीने ती अध्यापकपदासाठी आवश्यक ठरली. ही तारीख महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेसारखी पाठ असते. त्या दिवसापासून 3 एप्रिल 2000 पर्यंत नेट-सेट नसताना लागलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न पुढे दोन दशकं शासन, संघटना आणि न्यायालयं यांच्यात फिरत राहिला. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठाने सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा घ्यायला सुरुवात केली ती 1995 च्या सुमारास. तरीही गावातले ज्येष्ठ सर सांगत राहिले, 'आधी लागून घे, सेटचं बघू नंतर.' त्यांच्या स्वतःच्या बाबतीत तसंच झालं होतं. ज्यांनी हे ऐकलं त्यांची अर्धी नोकरी वेतनवाढ आणि सेवाज्येष्ठतेच्या अर्जांत गेली.

पुढचा घाव आणखी विचित्र. 2006 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) एम.फिल. झालेल्यांना पदवी वर्गांना शिकवण्यासाठी नेटमधून सूट दिली. लगेच एम.फिल.साठी झुंबड उडाली. परराज्यांतल्या विद्यापीठांच्या बहिःस्थ एम.फिल.ची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात दिसू लागली आणि फी भरून लोक रांगेत उभे राहिले. 2009 मध्ये सूट गेली. 2022 च्या पीएचडी नियमावलीने तर एम.फिल. हा अभ्यासक्रमच बंद केला. तीन वर्षांच्या सवलतीवर एका अख्ख्या पिढीने पदवी बांधली.

2010 मध्ये एपीआय नावाची गुणपद्धती आली. शोधनिबंधाला गुण, परिषदेला गुण, पुस्तकाला गुण. हेतू वाईट नव्हता असं मी मानतो. पण वर्षभरात 'आयएसएसएन आहे का?' हा प्रश्न 'निबंध कशाबद्दल आहे?' या प्रश्नाच्या आधी विचारला जाऊ लागला. हजार-दीड हजार रुपयांत आठवड्याभरात निबंध छापून देणारी नियतकालिकं निघाली. काहींचं संपादक मंडळ आणि वर्गणीदार हे एकच लोक होते. आयोगाने 2017 मध्ये मान्य नियतकालिकांची यादी केली, 2018 मध्ये त्यातली 4,305 नावं एका फटक्यात काढली, मग केअर नावाची नवी यादी आणली, तिचा कक्ष पुण्याच्या विद्यापीठातच होता. 2025 मध्ये तीही मोडीत काढली. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती त्याआधी 2022 मध्येच गेली होती. ज्या तरुणांनी त्या दशकात पैसे मोजून दहा-पंधरा निबंध 'लावले', त्यांच्या फायलीत आज ते निबंध आहेत. त्यातला एखादा तरी कोणी वाचला असेल का, याची मला शंका आहे.

दरम्यान जागाच आटल्या होत्या. 2001 नंतरची नवी महाविद्यालयं 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर येऊ लागली. निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि त्यावर तासिका तत्त्वाची, म्हणजे सीएचबीची, नेमणूक रुळली. शिकवलेल्या तासाचेच पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा यांचे नाहीत. बिल निघायला कधी कधी पुढचं सत्र उजाडायचं. आयोगाने 2019 मध्ये अतिथी व्याख्यात्याला तासाला 1,500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असा दर सुचवला. राज्यातला दर त्याच्या बराच खाली राहिला. मे 2017 मध्ये प्राध्यापक भरतीवर बंदी आली, पुढच्या वर्षी ती अंशतः उठली, 2020 मध्ये कोरोनाने पुन्हा सगळं थांबवलं. जागा निघालीच तर बिंदुनामावली, ना-हरकत, जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता अशा पायऱ्या, आणि काही संस्थांमध्ये शेवटची पायरी रोखीची. ती रक्कम लाखांत बोलली जाते, कागदावर कुठेच येत नाही. 'ओळख आहे का?' हा प्रश्न मुलाच्या मामाकडून येतो, मार्गदर्शकाकडून येत नाही. आणि दुर्दैवाने मामाची माहिती जास्त ताजी असते.

मग पीएचडीची पाळी. 2018 च्या नियमावलीने विद्यापीठ विभागांतल्या सहायक प्राध्यापकासाठी जुलै 2021 पासून पीएचडी सक्तीची केली. ती मुदत 2023 पर्यंत लांबवली, आणि 2023 च्या जूनअखेरीस सक्तीच काढून टाकली. त्या पाच वर्षांत किती जणांनी घाईघाईत विषय नोंदवला असेल! यूजीसीच्या कनिष्ठ शिष्यवृत्तीची रक्कम मात्र वाढत गेली: 2014 च्या अखेरीस 25,000, 2019 पासून 31,000, 2023 पासून 37,000 रुपये. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांनी घरात पहिल्यांदाच कोणी पीएचडीला बसलंय अशा मुलामुलींना आधार दिला, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून त्यांनाच आझाद मैदानावर आणि पुण्याच्या रस्त्यावर बसावंही लागलं. डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि गदारोळ झाला. राग समजण्यासारखा होता. पण त्या वादात 'या अभ्यासातून कोणती कामं निघतात?' हा साधा प्रश्न दोन्हीकडून हरवला.

त्याचं एक उत्तर त्याच महिन्यांत शेजारीच चाललं होतं. मराठा आरक्षणाच्या वादातून कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या कचेऱ्यांत जुनी दप्तरं उघडली. जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, महसुली कागद, शाळांचे दाखले. बरंच काही मोडी लिपीत. आणि मोडी वाचणारे कुठे आहेत? तहसील कचेऱ्या जाणकार शोधत होत्या. वर्षानुवर्षं ज्यांना 'मोडी शिकून काय करणार?' असं विचारलं गेलं होतं त्यांना अचानक फोन येऊ लागले. हे काम तात्पुरतं होतं, मानधनाचं होतं, आणि त्यामागचं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्याने एक गोष्ट उघड केली: पदवीला मागणी नव्हती, त्या पदवीच्या वाटेवर काहींनी सहज म्हणून उचललेल्या कौशल्याला होती. जमिनीच्या जुन्या वादांतही वकिलांना असा वाचणारा लागतोच.

म्हणून आज कोणी पंचविशीतलं विचारायला आलं तर मी नोकरीबद्दल आधी बोलत नाही. विषयाबरोबर असं काय शिकणार जे दुसऱ्याला पैसे देऊन करून घ्यावं लागेल, हे विचारतो. मोडी, फारसी, किंवा पोर्तुगीज; गोव्याच्या अभिलेखागारात पोर्तुगीज कागदांचे ढीग आहेत आणि ते वाचू शकणारे मराठी संशोधक थोडे. भाषांतर, पण भावनेने केलेलं नव्हे, मुदतीत आणि परिभाषा सांभाळून केलेलं. संपादन, सूची, मुलाखतींचं लिप्यंतर. विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांसाठी नोंदी लिहिणं. मानधन नाममात्र, पण चारशे शब्दांत बोलायची शिस्त त्यातून लागते. निबंध छापायला पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, हे मी एवढ्या ठामपणे दुसरं काहीच सांगत नाही. सीएचबी घ्यायची असेल तर दोन वर्षांपुरती घ्यावी असं माझं मत आहे. त्यानंतर माणूस जागेची वाट पाहत राहतो आणि प्रबंध त्याची.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या ग्रंथांइतकंच त्यांचं निवृत्तीचं वर्ष बघावं. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नियमाने त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही, आणि चार वर्षं उरली असतील तर शेवटच्या प्रकरणाला कोण असेल, हे नोंदणीच्या आधीच विचारून घ्यावं. यूजीसीची शिष्यवृत्ती कनिष्ठ आणि वरिष्ठ मिळून पाच वर्षं चालते. पीएचडीला नियमाने सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी करून आठ. मधल्या वर्षांचा घरखर्च कुठून येणार, याचा आकडा मी कागदावर लिहून आणायला सांगतो. काही जण तो आणतात. काही जण पुन्हा येत नाहीत.