घाट उतरण्यापूर्वी सायकलवरचे ओझे मोजा

पावसाळा ओसरू लागला की गोव्यातील सायकलस्वारांना घाटरस्त्यांचे वेध लागतात. साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावकडे जाणारा रस्ता असो, मोलेहून अनमोडला नेणारा घाट असो, की सांगे-काणकोण भागातील डोंगराळ वाटा असोत. सकाळी निघून दुपारी घरी परतण्यापेक्षा एखादा मुक्काम करावा, असे अनेकांना वाटू लागते. मुक्काम आला की अंथरूण, कपडे, पाणी, खाणे आणि दुरुस्तीची हत्यारे आली. हे सारे सायकलवर लादून कच्च्या-पक्क्या वाटांनी भटकण्याच्या प्रकाराला ‘बाइकपॅकिंग’ म्हणतात. त्यासाठी माउंटन बाइक योग्य खरी. परंतु तिच्यावर सामान बांधणे हे साध्या सायकलीवर सामान बांधण्याहून वेगळे काम आहे. तो फरक ध्यानात न घेतल्यास त्याची किंमत नेमकी घाटाच्या उतारावर मोजावी लागते.

पोदेराची सायकल आणि माउंटन बाइक

गोमंतकीयांना ओझ्याची सायकल नवी नाही. पहाटे भोंगा वाजवत येणारा पोदेर पावाची भली मोठी टोपली मागच्या कॅरियरवर बांधून वाड्यावाड्यांतून फिरतो. त्याच्या सायकलीचा पोलादी सांगाडा ताठ असतो, पुढचे चाक धरणारा फोर्कही ताठ असतो आणि कॅरियरचे पाय मागच्या चाकाच्या आसापाशी घट्ट आवळलेले असतात. चाक आणि सांगाडा यांच्यातील अंतर कधीच बदलत नाही. म्हणून उभ्या सायकलीवर जे ओझे चाकाला लागत नाही, ते रस्त्यावरही लागत नाही.

माउंटन बाइकचे तसे नाही. तिच्या पुढच्या फोर्कमध्ये सस्पेन्शन असते. प्राथमिक ते मध्यम किमतीच्या बहुतेक सायकलींत हा फोर्क 100 ते 120 मिलिमीटर दबतो. म्हणजे खड्ड्यात पुढचे चाक हँडलच्या दिशेने तब्बल 10 ते 12 सेंटिमीटर वर सरकू शकते. काही सायकलींना मागेही सस्पेन्शन असते. तिथे मागचे चाकही सीटच्या दिशेने सरकते.

यातली खरी मेख पुढे आहे. फोर्क सर्वाधिक कधी दबतो? उतारावर, पुढचा ब्रेक लावून सारा भार पुढे झुकलेला असताना आणि नेमका त्याच क्षणी चाक खड्ड्यात गेले असता. हँडलला बांधलेली पिशवी टायरच्या सर्वांत जवळ येते ती याच क्षणी. पिशवी किंवा तिचा लोंबता पट्टा चाकात अडकला तर पुढचे चाक एकाएकी थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. घराच्या अंगणात सायकल उभी करून पाहिले, तर यातले काहीच दिसत नाही.

हँडलची पिशवी

म्हणून पिशवी विकत घेण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी. फोर्कच्या रेषेत, हँडलच्या खालच्या बाजूपासून टायरच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजावे. समजा ते 26 सेंटिमीटर भरले आणि फोर्क 10 सेंटिमीटर दबणारा आहे. 16 सेंटिमीटर जाडीची पिशवी हँडलखाली लटकली, तर खाली 10 सेंटिमीटर उरतात; फोर्क पूर्ण दबताच टायर पिशवीला टेकणार. त्याच सायकलीवर 13 सेंटिमीटर जाडीची वळकटी बांधली, तर फोर्क पूर्ण दबल्यावरही 3 सेंटिमीटर मोकळे राहतात. एवढी मोकळीक तरी हवीच, कारण दिवसभराच्या हादऱ्यांनी पट्टे सैल होतात आणि पिशवी खाली उतरते. कमी उंचीच्या व्यक्तींच्या लहान सायकलींत ही जागा आणखी तोकडी असते.

फोर्क हवेवर चालणारा असेल, तर याची प्रत्यक्ष चाचणी घेता येते. हवेचा दाब लिहून ठेवावा, शॉक पंपाने हवा काढावी, पिशवी सामानासह बांधून हँडल पूर्ण खाली दाबावे आणि टायर कुठवर येतो ते पाहावे. नंतर तेवढीच हवा पुन्हा भरावी. स्प्रिंगच्या फोर्कबाबत मोजमापावरच विसंबावे. फोर्क ‘लॉक’ केला की धोका टळला, असे समजू नये; मोठ्या धक्क्याला लॉक केलेले अनेक फोर्कही दबतात.

उंचीनंतर रुंदी. पिशवी दोन्ही ब्रेकच्या दांड्यांमध्ये मावली पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबला तरी बोटे किंवा दांडा पिशवीला अडता कामा नये. ब्रेक व गिअरच्या केबल पिशवीमागे दबून मुडपल्या, तर गिअर नीट पडत नाहीत. त्यासाठी पिशवी आणि हँडल यांच्यामध्ये फोम किंवा रबराचे ठोकळे घालून केबलना वाट द्यावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. एक पट्टा हँडलखालच्या उभ्या नळीभोवती घेतल्यास पिशवी पुढे-मागे डुलत नाही. पट्ट्यांची उरलेली टोके गुंडाळून बांधून टाकावीत. पुढचा दिवा पिशवीआड झाकला जात असल्यास त्याची जागा बदलावी.

या पिशवीत आकाराने मोठे पण वजनाने हलके सामान ठेवावे: झोपण्याची पिशवी, चटई, पातळ तंबूचे कापड. एकूण 2 ते 3 किलो पुरे. हँडलवरचे वजन प्रत्येक वळणावर हँडलबरोबर फिरते. ते जितके अधिक, तितके पुढचे चाक जड होते आणि घाटातील वळणावर एका बाजूला ओढू लागते.

मागचा कॅरियर

कॅरियर बसवण्याआधी सांगाड्यावर त्यासाठी आटे पाडलेली छिद्रे आहेत का, हे पाहावे. मागच्या आसाजवळ दोन आणि सीटखाली दोन अशी चार छिद्रे असतील, तर काम सोपे. बहुधा तिथे 5 मिलिमीटर जाडीचे बोल्ट लागतात. वरची छिद्रे नसतील, तर सीटचा दांडा आवळणारी कडी बदलून छिद्रे असलेली कडी बसवता येते. आतून रबर लावलेल्या धातूच्या कड्या नळीभोवती आवळण्याचाही पर्याय आहे. मात्र भार त्या मानाने कमी ठेवावा. कार्बनच्या नळ्यांवर अशा कड्या आवळू नयेत.

डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीत साध्या कॅरियरचा पाय ब्रेकच्या यंत्रणेला अडतो. तिथे डिस्क ब्रेकसाठी बनवलेला, पाय बाहेरच्या बाजूने नेणारा कॅरियरच घ्यावा. वॉशरवर वॉशर चढवून जुना कॅरियर बाहेर सरकवण्याची युक्ती टाळावी. बोल्ट जितका लांब आणि उघडा, तितका तो वाकण्याचा, मोडण्याचा संभव अधिक.

मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलीला साधा कॅरियर बसतच नाही. त्याचे एक टोक आसाशी आणि दुसरे सीटखाली बांधले, तर धक्क्यासरशी दोहोंतील अंतर बदलते आणि कॅरियर किंवा सांगाडा यांपैकी एक मोडतो. अशा सायकलीसाठी सीटमागे लटकणारी लांबट पिशवी बरी. तिच्यातही टायरची मोकळीक पुढच्यासारखीच, सस्पेन्शन पूर्ण दबल्याचे धरून मोजावी.

कॅरियरवर कमाल भार किलोंमध्ये छापलेला असतो. तो सपाट रस्त्यावरचा आहे असे समजून, खडबडीत वाटेसाठी त्याहून बराच कमी भार धरावा. सायकल कंपनीने सांगितलेली एकूण वजनाची मर्यादाही पाहावी. तिच्यात स्वार आणि सामान दोन्ही मोजलेले असतात. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवल्यास पायडल मारताना टाच त्यांना लागत नाही ना, हे पाहावे. माउंटन बाइकचा मागचा भाग आखूड असल्याने ही तक्रार नेहमीची आहे. शिवाय रानातील अरुंद वाटेवर रुंद पिशव्या झुडपांत अडकतात. म्हणूनच बाइकपॅकिंगमध्ये अनेक जण कॅरियर टाळून सांगाड्याला, हँडलला आणि सीटला बिलगणाऱ्या अरुंद पिशव्या वापरतात.

वजन कुठे, काय

जड वस्तूंची जागा सांगाड्याच्या मधल्या त्रिकोणात. पाणी, हत्यारे, सुटे ट्यूब, खाण्याचे डबे तिथल्या पिशवीत ठेवले, की वजन खाली आणि दोन्ही चाकांच्या मध्ये राहते. कपडे सीटमागे, अंथरूण हँडलवर. फोर्कच्या पायांवर बाटली किंवा लहान पिशवी बांधायची झाल्यास ती खालच्या, जाड पायांवरच बांधावी. वरच्या चकचकीत नळ्या आत-बाहेर सरकतात, त्यांना काहीही लागता कामा नये.

गोव्याच्या हवेत आणखी एक काळजी. खाऱ्या दमट वाऱ्याने साधे लोखंडी बोल्ट लवकर गंजतात आणि गंजलेला बोल्ट सोडवताना मोडतो. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत. हादऱ्यांनी ते सुटू नयेत म्हणून आट्यांवर निळा थ्रेडलॉकर लावावा. लाल मातीची धूळ पट्ट्यांखाली अडकून रंग आणि नळ्या घासते. जिथे पट्टा टेकतो तिथे आधीच जाड चिकटपट्टी लावावी.

निघण्यापूर्वी

पूर्ण सामानासह 20-30 किलोमीटरची फेरी घराजवळच करावी. गतिरोधक, फेरीबोटीच्या धक्क्याचा उतार, एखादी चिरेखाणीकडे जाणारी खडबडीत वाट, एवढ्यावर बांधणीतले दोष उघडे पडतात. परतल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा आणि टायरवर, पिशवीच्या तळाशी घासल्याच्या खुणा शोधाव्यात. ओझ्यासह सायकल थांबायला अधिक अंतर लागते, हेही याच फेरीत समजून घ्यावे आणि ब्रेकची पॅड झिजलेली असल्यास बदलावीत. अभयारण्यातून जाणाऱ्या वाटा निवडल्यास वन खात्याचे प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

घाट चढून गेल्यावर माथ्यावर चहासाठी थांबणे होतेच. त्या पाच मिनिटांत हँडलची पिशवी हाताने वर उचलून पट्टे पुन्हा ओढावेत, सुटलेली टोके बांधावीत, कॅरियर हलवून पाहावा. चढणीवर संथ गतीमुळे न जाणवलेली सैल बांधणी उतारावर पहिल्याच वळणाला जाणवते, आणि तेव्हा ती आवळायला सवड नसते.