द्राक्षमळ्यातली मजुरी : बायबलमधले धन, मत्सर आणि दातृत्व

बायबलमध्ये धनाविषयीची शिकवण एका जागी बांधून दिलेली नाही. मोशेच्या नियमशास्त्रातल्या शेतीच्या कायद्यांत ती आहे, राजांच्या इतिहासात आहे, स्तोत्रांत आहे, येशूच्या दाखल्यांत आहे आणि प्रेषित पौलाने वर्गणीसाठी लिहिलेल्या पत्रांतही आहे. मात्र एक धागा सगळीकडे दिसतो. माणसाच्या गाठीला किती आहे यापेक्षा तो शेजाऱ्याच्या वाट्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, याची चौकशी तिथे अधिक कसून होते. त्यामुळे लोभ, मत्सर आणि दातृत्व हे विषय सुटे येत नाहीत. बहुधा एकाच कथेत ते एकमेकांना भिडतात.

दहा आज्ञांपैकी खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष यांना मनाई करणाऱ्या आज्ञा कृतीबद्दल आहेत. शेवटची आज्ञा वेगळी आहे. शेजाऱ्याचे घर, बायको, नोकरचाकर, बैल, गाढव यांचा लोभ धरू नये, असे ती बजावते. या गुन्ह्याचा खटला कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकत नाही, कारण तो मनातच घडतो. तरीही तो आज्ञांच्या यादीत आहे, आणि चोरी-खून यांचे मूळ तिथेच असल्याचे पुढच्या कथा दाखवून देतात.

त्याच नियमशास्त्रात दातृत्वाची सोय शेतातच करून ठेवलेली आहे. कापणी करताना शेताचे कोपरे सोडायचे, गळून पडलेली कणसे उचलायची नाहीत, मळ्यात पडलेली द्राक्षे वेचायची नाहीत. हा सरवा गरिबाचा आणि परदेशी माणसाचा. मोआबातून आलेली विधवा रूथ बेथलेहेमात बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचते. बवाज कायद्यावर थांबत नाही. पेंढ्यांतून थोडी कणसे मुद्दाम टाका आणि तिला हटकू नका, असे तो आपल्या गड्यांना सांगून ठेवतो. सातव्या वर्षी कर्ज माफ करावे, असा नियम बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. माफीचे वर्ष जवळ आले म्हणून गरजूला कर्ज नाकारू नये, असेही तिथेच बजावले आहे. कायदा करणाऱ्याला माणसाचा स्वभाव नीट ठाऊक होता, हे यावरून कळते. लेवीयाच्या पुस्तकात याही पुढचा नियम आहे: पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी. त्याचे कारणही दिले आहे. जमीन देवाची आहे आणि इस्राएल लोक तिच्यावर केवळ कुळे म्हणून राहतात. हे वर्ष प्रत्यक्षात पाळल्याचे वर्णन बायबलमधल्या इतिहासाच्या पुस्तकांत आढळत नाही, पण मालकीची ही कल्पना पुढच्या साऱ्या शिकवणीच्या बुडाशी आहे.

ही कल्पना धुडकावली की काय होते, ते नाबोथाच्या कथेत दिसते. यिज्रेलात अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तो तयार होता. व्यवहार म्हणून यात काही वावगे नव्हते. पण वाडवडिलांची जमीन द्यायला नाबोथाने नकार दिला. सगळे राज्य हाताशी असलेला हा राजा त्यावर बिछान्यात तोंड फिरवून पडून राहिला आणि जेवेना. पुढचे काम राणी ईजबेलने केले: राजाच्या नावाने पत्रे, त्यांवर राजमुद्रा, दोन खोटे साक्षीदार, आणि धोंडमार करून नाबोथाचा मृत्यू. भाजीच्या मळ्याच्या हट्टातून खोटी साक्ष, खून आणि चोरी यांविरुद्धच्या तिन्ही आज्ञा एकापाठोपाठ मोडल्या जातात.

मत्सराची उदाहरणे तर बायबलच्या पहिल्या पानांपासून आहेत. देवाने हाबेलाचे अर्पण स्वीकारले म्हणून काइन भावाला ठार करतो. बापाने योसेफाला खास झगा दिला म्हणून त्याचे भाऊ त्याला विकून टाकतात. बायकांच्या गाण्यात दावीदाचा पराक्रम आपल्याहून मोठा ठरला, हे शौल राजाला अखेरपर्यंत सोसत नाही. त्र्याहत्तरावे स्तोत्र यांपेक्षा प्रामाणिक आहे. दुष्टांची भरभराट पाहून आपला पाय घसरता घसरता राहिला, अशी कबुली त्यात एका भक्ताने दिली आहे.

श्रीमंती हीच पापी आहे, असे मात्र बायबल म्हणत नाही. अब्राहाम आणि ईयोब हे दोघेही धनवान होते. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात देवाकडे गरिबीही नको आणि श्रीमंतीही नको, असे मागणे आहे. पोट भरले की देवाचा विसर पडतो आणि उपाशी राहिले की चोरी घडते, म्हणून पुरेल इतकेच मिळावे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातल्या आमोस संदेष्ट्याचा रोख श्रीमंतीच्या मार्गावर आहे. माप खोटे करून धान्य विकणारे आणि जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणारे व्यापारी त्याच्या कोरड्यांखाली येतात.

येशूच्या शिकवणीत हे सगळे प्रवाह एकत्र येतात. वारशाच्या वाटणीत मध्यस्थी करा, अशी विनंती घेऊन आलेल्या माणसाला तो नकार देतो आणि कोठारे मोडून मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. तो शेतकरी चोर नाही, त्याचे पीक घामाचे आहे. पण त्याच्या साऱ्या बेतात दुसरे माणूसच नाही, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. लाजराच्या दाखल्यातला श्रीमंतही लाजराला मारत नाही, हाकलत नाही. फोडांनी भरलेला लाजर त्याच्या दाराशी पडून असतो, एवढेच. त्या श्रीमंताचा अपराध न पाहण्याचा आहे.

मत्सर आणि दातृत्व यांची थेट गाठ पडते ती मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात. त्याआधीच्या अध्यायात एक श्रीमंत तरुण, सर्व विकून गरिबांना दे हे ऐकून खिन्न होऊन निघून जातो. लगेच येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही तर सगळे सोडून आलो, मग आम्हाला काय मिळणार? या हिशेबी प्रश्नाच्या पाठोपाठ द्राक्षमळ्याचा दाखला येतो. मळ्याचा धनी पहाटे एक दिनार रोज ठरवून मजूर लावतो. एक दिनार म्हणजे साध्या मजुराची दिवसाची कमाई. मग तो नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि शेवटी पाच वाजताही बाजारात जातो आणि नाक्यावर कामाची वाट पाहत उभे असलेले मजूर घेऊन येतो. कोणी कामाला लावले नाही म्हणून उभे आहोत, असे शेवटचे सांगतात. सूर्य मावळायच्या आत मजुरी द्यावी, हा मोशेचा नियम. त्याप्रमाणे संध्याकाळी पैसे वाटले जातात, पण उलट्या क्रमाने: शेवटी आलेल्यांना आधी, आणि त्यांनाही पूर्ण एक दिनार.

हा क्रम दाखल्याचे मर्म आहे. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे दिले असते तर ते समाधानाने घरी गेले असते. दुसऱ्याच्या हातातला दिनार पाहिल्यावर त्यांना आपला दिनार कमी वाटू लागतो. दिवसभराचे कष्ट आणि ऊन आम्ही सोसले, आणि हे आमच्या बरोबरीला, ही त्यांची तक्रार आहे. धन्याने त्यांचा एक पैसाही बुडवलेला नाही. तो तेच दाखवून देतो आणि विचारतो, की मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत खुपते का? तासाच्या हिशेबाने दिले असते तर पाच वाजता आलेल्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली नसती. धन्याने मजुरी गरजेच्या मापाने मोजली आणि न्यायाला कुठेही बाध आणला नाही. ऐकणाऱ्या शिष्यांना हे उमगले नसावे. त्याच अध्यायात पुढे जब्दीच्या मुलांची आई आपल्या दोघा मुलांसाठी राज्यात उजव्या-डाव्या हाताची आसने मागते आणि उरलेले दहा शिष्य संतापतात.

दानाचे मापही येशू असेच बदलतो. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक पुष्कळ टाकतात आणि एक विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकते. तिचे दान सर्वांत मोठे, कारण तिने आपली सारी उपजीविका टाकली. मार्काने आपल्या शुभवर्तमानात याच्या नेमके आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवरची टीका दिली आहे. त्यामुळे काही भाष्यकार या प्रसंगात स्तुतीबरोबर दुःखही वाचतात, आणि ते वाचन पटण्यासारखे आहे. जकातदार जक्कयाच्या गोष्टीत दान आणि भरपाई वेगळी ठेवली आहेत. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत.

यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांकडे आणून देत. कुप्र बेटाच्या बर्णबाने शेत विकून तसे केले. हनन्या आणि सप्पीरा यांनी काही रक्कम मागे ठेवून सगळी दिल्याचे भासवले. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, असे पेत्र हनन्याला सुनावतो. दान सक्तीचे नव्हते. अपराध खोटेपणाचा होता.

पौलाने इसवी सन 55 च्या सुमारास यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे अध्याय त्याविषयी आहेत. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतः हलाखीत असून दिले, हे तो सांगतो, पण करिंथकरांना हुकूम करत नाही. ज्याने त्याने मनात ठरवून आनंदाने द्यावे. त्याला हवी आहे ती बरोबरी, आणि त्यासाठी तो इस्राएल लोकांना रानात मिळालेल्या मान्ना या अन्नाची आठवण देतो. तिथे जास्त गोळा केलेल्याला उरले नाही, कमी गोळा केलेल्याला कमी पडले नाही. पैशाबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांची विश्वासू माणसेही पाठवतो. आजकाल काही प्रचारक हेच अध्याय घेऊन, देणाऱ्याला देव संपत्तीने मालामाल करतो असे सांगतात. पौलाचे लिखाण त्याला आधार देत नाही. त्याच्या मते देवाकडून मिळते ते पुन्हा देता यावे म्हणून.

चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या कैसरियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीच्या, बासिल या धर्मगुरूने बायबलमधल्या अशा वचनांवर प्रवचने केली. इसवी सन 368 च्या सुमारास तिथे दुष्काळ पडला होता. कोठारांच्या दाखल्यावर बोलताना, पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्या माणसाचे आहे, असे त्याने श्रीमंतांना सुनावले. मत्सरावरही त्याचे स्वतंत्र प्रवचन आहे. मत्सर दूरच्या परक्याचा होत नाही, आपल्याच गावातल्या, आपल्याच धंद्यातल्या, ओळखीच्या माणसाचा होतो, असे निरीक्षण त्याने त्यात नोंदवले आहे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांना ते तंतोतंत लागू पडते. धन्याच्या मळ्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या मजुराच्या दिनाराबद्दल होती. बासिलने दुष्काळात भुकेल्यांना अन्न वाटले आणि पुढे शहराबाहेर आजारी, कुष्ठरोगी, गरीब आणि वाटसरू यांच्यासाठी मोठे आश्रयस्थान उभारले.