चुकलेले 35, जुळलेले 35

बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून सीएसएमटी गाठणाऱ्या बापाला मुलाची शाळा तीन ठिकाणी भेटते: फी भरायच्या खिडकीवर, पालकसभेत आणि रात्रीची जेवणं उरकल्यावर दप्तरातून निघालेल्या वहीत. पहिल्या दोन ठिकाणी शाळा नटूनथटून येते. वहीत ती घरच्या कपड्यांत असते.

तरीही प्रवेशाच्या दिवसांत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पालकांची चर्चा फिरते ती निकालाची टक्केवारी, इमारत आणि बसभोवती. निकालात शाळेचा वाटा किती आणि खासगी क्लासचा किती, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. मोठ्या पाहण्यांचाही इथे फारसा उपयोग नाही. 4 डिसेंबर 2024 रोजी झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांनी पर्याय निवडून उत्तरे दिली. त्यातून जिल्ह्याचे चित्र दिसते, आपल्या गल्लीतल्या शाळेचे नाही. ‘असर’चे स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांना गोष्ट वाचायला लावतात, पण ती पाहणी ग्रामीण भागापुरती. वांगणीकडच्या एखाद्या गावाचा तिच्यात नंबर लागू शकतो, उल्हासनगरच्या ‘कॅम्प’ म्हणवणाऱ्या शहरी वस्त्यांचा नाही.

खरे तर वहीला मान देणारी पद्धत आपल्याकडे 2010 पासून आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची आठ साधने सांगितली आणि त्यांत स्वाध्याय-वर्गकार्यही धरले. पहिली-दुसरीला तर आकारिकला 70 गुण आणि सत्राअखेरच्या संकलितला 30. कल्पना चांगली होती. पण नोंदींचे ओझे वाढले, तशा तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागल्या. मुलाकडे न बघताही त्याच्याविषयी लिहिता येऊ लागले.

मग शाळा जोखण्यासाठी वह्या बघायच्या कशा? पहिली गोष्ट, शाळेने टेबलावर मांडलेल्या वह्या बाजूला ठेवायच्या. त्या वर्गातल्या हुशार मुलांच्या असतात. हजेरीपट घ्यावा आणि दर दहावे नाव काढावे, मग ते कुणाचेही असो. त्या मुलांची जुलैतली आणि जानेवारीतली पाने शेजारी-शेजारी ठेवावीत. शाळेने काय केले, ते या दोन पानांमधल्या अंतरात असते.

दुसरी गोष्ट, चुका वाचायच्या. निवडलेल्या सगळ्या वह्यांत ‘माझा आवडता सण’ शब्दन् शब्द सारखा असेल, तर तो निबंध फळ्याचा, मुलांचा नव्हे. उलट, हिंदी बोलणाऱ्या घरातल्या मुलीने ‘माझी पुस्तक’ लिहिले असेल, तर ते वाक्य तिचे स्वतःचे आहे. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, तेच लिंग तिने मराठीत आणले. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा अशा चुका कॅम्पातल्या वह्यांत सापडणारच. बाईंनी त्यावर नुसती फुली मारली, की ‘ते पुस्तक’ म्हणून शेजारी दोन वाक्ये लिहून घेतली? लाल शेऱ्याखाली मुलीचे अक्षर पुन्हा दिसते का, हे पाहावे. ‘पाहिले’ आणि तारीख एवढेच असेल, तर कुणीच काही पाहिलेले नाही.

तिसरी गोष्ट, तुलनेची. एकाच निबंधाला एक गुरुजी सहा गुण देतात, दुसरे आठ. लुई थर्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1927 मध्ये मांडलेले सूत्र इथे कामाला येते: माणसाला नेमका गुण देणे अवघड जाते, दोघांत सरस कोण हे सांगणे सोपे जाते. ब्रिटनमधल्या अनेक शाळा मुलांचे लेखन असेच तपासतात. नावे झाकून दोन-दोन कागद समोर ठेवायचे, पुष्कळ शिक्षकांनी कौल द्यायचा आणि त्या कौलांतून क्रम लावायचा. केंद्रप्रमुख परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांची जी शिक्षण परिषद घेतात, तिच्यात हे सहज करता येईल. वह्या आपापसांत बदलायच्या, खर्च शून्य.

यात एक पथ्य मात्र पाळायला हवे. कातकरी वाडीतल्या मुलाची वही दिवाळीनंतर कोरी राहते, कारण घर वीटभट्टीवर गेलेले असते. त्याची तुलना शहरातल्या मुलाशी केली, तर शाळेचा नव्हे, गरिबीचा निकाल लागेल. त्याचे पान त्याच्याच आधीच्या पानाशी लावून पाहावे.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीचे विषय संपल्यावर त्यांनी पाच वह्या मागवल्या, तर त्यात वावगे काही नाही. खासगी शाळेतल्या पालकाजवळ आपल्या मुलाची वही तर असतेच.

ती उघडल्यावर काय दिसावे? समजा, जुलैत मुलाने 42 मधून 17 वजा करून 35 लिहिले. त्याला वजाबाकी येत नाही असे नाही. दोनातून सात जाईनात, म्हणून त्याने सातातून दोन घालवले. बाईंनी काड्यांचा एक गठ्ठा सोडून दशकाचे दहा सुटे करून दाखवले आणि समासात तसे चित्रही काढून दिले. जानेवारीच्या पानावर 63 वजा 28 आहे. जुनीच खोड राहिली असती, तर उत्तर 45 आले असते. मुलाने लिहिले आहे 35.

प्रगतिपुस्तकात या दोन 35 मधला फरक कुठेच सापडत नाही. चांगल्या शाळेतल्या बाईंना मात्र तो तोंडपाठ असतो.