परदेशी दार ठोठावताना

जुन्या करारातील नहेम्याची कथा आपण वाचनात ऐकलेली असते. परंतु तिच्यातील एक लहानसा तपशील सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. हा यहुदी गृहस्थ इराणच्या अर्तहशश्त राजाच्या दरबारी प्यालेबरदार होता. ख्रिस्तपूर्व ४४५ च्या सुमारास यरुशलेमेचा तट पडल्याची वार्ता त्याच्या कानी आली आणि त्याने राजापाशी रजा मागितली. प्रवासास किती दिवस लागतील व परत केव्हा येणार, असे राजाने त्यास विचारले. नहेम्याने मुदत सांगितली. इतकेच नव्हे तर वाटेत कोणी अडवू नये म्हणून नदीपलीकडील सुभेदारांच्या नावे पत्रेही मागून घेतली. पुढे तो राजाकडे परत गेला, हेही त्याच ग्रंथात नमूद आहे.

कोठे जाणार, कशासाठी, किती दिवस आणि परत केव्हा? अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे प्रश्न आज संगणकाच्या पडद्यावर विचारले जातात, एवढाच काय तो फरक. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेच्या विमानतळास आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. परदेशी जाणे ही आता श्रीमंत व्यापाऱ्यांचीच गोष्ट राहिलेली नाही. साधी नोकरदार कुटुंबेही आठ-दहा दिवसांच्या सहलीचे बेत आखतात; कोणास श्रीलंकेतील मडूच्या मातेच्या दर्शनाची ओढ असते. अशा अल्प मुक्कामासाठी कित्येक देशांनी ‘इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथोरायझेशन’, म्हणजे घरबसल्या आगाऊ मिळवावयाची प्रवासाची अनुमती, सुरू केली आहे. लोक तिला ईटीए म्हणतात. श्रीलंकेने ही पद्धत १ जानेवारी २०१२ पासून अंमलात आणली.

“आम्ही काय चोर आहोत, की आमची एवढी चौकशी व्हावी?” असा त्रागा पुष्कळजण करतात. पण विचार करा. आपल्या घरी अनोळखी पाहुणा आला, तर उंबरठ्यावर त्याचे नावगाव आपण विचारतोच ना? आपल्या भारत देशानेही २७ नोव्हेंबर २०१४ पासून परदेशी पर्यटकांना अशीच आगाऊ अनुमती देण्यास आरंभ केला. जे आपण पाहुण्यास विचारतो, ते यजमानाने आपणांस विचारले तर राग कशाचा?

परवाना म्हणजे काय आणि तो मोडला तर काय होते, हे सुरतेइतके दुसऱ्या कोणत्या नगरीस ठाऊक असणार! मोगलांच्या काळी मक्केचे यात्रेकरू याच बंदरातून जहाजावर चढत. समुद्रावर मात्र पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना नसलेले जहाज ते जप्त करीत. बाबराची कन्या व अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली यात्रेस निघाली. प्रत्यक्ष बादशहाच्या घरची स्त्री. पण समुद्रमार्गाची हमी मिळेपर्यंत तिलाही सुरतेस जवळजवळ एक वर्ष खोळंबून राहावे लागले. या परवान्यांवर मरिया व येशू यांची चित्रे असत आणि ती यात्रेकरूंना खटकत, असे त्या काळचा इतिहासकार बदायुनी लिहितो. आपल्या मातेचे चित्र धाकदपटशाच्या कागदावर छापले जावे, हे वाचून आजही आपली मान खाली जाते.

याहून मोठी गोष्ट १६१३ साली घडली. जहांगीर बादशहाच्या मातेचे ‘रहीमी’ नावाचे मोठे जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले. जहाजापाशी रीतसर परवाना होता. तरीही ते पकडले गेले. त्या मातेची पदवी होती मरियम-उझ-झमानी, म्हणजे ‘या युगाची मरिया’! बादशहाच्या क्रोधाला पारावार उरला नाही. त्याने दमणला वेढा घालविला आणि येशूसंघीयांची मंदिरे बंद करविली. दिलेला शब्द मोडला खलाशी सरदारांनी. पण ज्यांचा त्या जहाजाशी काडीचाही संबंध नव्हता, त्या दूरच्या श्रद्धावंतांना प्रार्थनेचे दार बंद झाले. परवाना म्हणजे दोन पक्षांमधला शब्द होय. तो शब्द कोणत्याही बाजूने मोडला, तरी त्याचे प्रायश्चित्त मागून येणाऱ्या निरपराध माणसांना घ्यावे लागते.

म्हणून अर्ज भरताना पहिली काळजी सत्याची घ्यावी. पासपोर्टवर जे नाव जसे छापले आहे, तसेच्या तसे लिहावे. आपल्याकडे बाप्तिस्म्याचे नाव एक, हाकेचे दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे असते. अर्जात त्यांपैकी पासपोर्टवरचेच चालते. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधोमध असेल, तर ते गाळू नये. पासपोर्टच्या क्रमांकात शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत टाळावी. तारखेत दिवस आधी मागितला आहे की महिना, ते पाहावे. श्रीलंकेत पोहोचण्याच्या दिवसापासून पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक लागते. सहलीस जाणाऱ्याने सहल लिहावी. धंद्यास जाणाऱ्याने धंदा लिहावा.

दुसरी काळजी दाराची. अर्ज त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच करावा. श्रीलंकेच्या सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट एलके’ ही अक्षरे असतात. हुबेहूब दिसणारी खाजगी स्थळे वाटेत जाळे पसरून बसलेली असतात. ती अवाच्या सवा पैसे घेतात आणि आपली माहितीही. शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. खुद्द श्रीलंकेत २०२४ साली हे काम काही महिने खाजगी कंपन्यांकडे गेले होते. ऑगस्टमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविले व पुढे जुनी पद्धत परत आली. नावाच्या सारखेपणानेही फसू नये. ब्रिटनमध्येही ईटीए आहे. पण ती भारतीय पासपोर्टधारकासाठी नाही, त्याला व्हिसाच घ्यावा लागतो. आणि अनुमती हाती आली म्हणजे प्रवेश मिळालाच असेही नव्हे. अखेरचा निर्णय विमानतळावरील अधिकारी देतो. त्याला दाखविण्यासाठी परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता व खर्चाची सोय यांचे कागद जवळ ठेवावेत.

येथे कोणी चाणाक्ष वाचक विचारील, “फादर, संत जोसेफ वाझ कोणता परवाना घेऊन श्रीलंकेस गेले?” प्रश्न रास्त आहे. बाणावलीचा हा गोमंतकीय पुत्र १६८७ साली भिकाऱ्याच्या वेषात तेथे उतरला. कारण डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. पण ते गेले छळ सोसणाऱ्या निराधार कळपासाठी. कँडीत हेर समजून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, तेही त्यांनी सोसले आणि १७११ साली त्याच भूमीत देह ठेवला. ज्याला प्राणाचे मोल द्यावयाचे आहे, त्याची गोष्ट वेगळी. चार दिवसांच्या सहलीसाठी खोटे लिहिणाऱ्याने संतांची सावली अंगावर ओढू नये.

खोट्याची किंमत कधी कधी फार भयंकर असते. जानेवारी २०२२ मध्ये उत्तर गुजरातमधील एक कुटुंब अल्प भेटीच्या व्हिसावर कॅनडास गेले. दलालांच्या वाटेने पायी अमेरिकेत शिरताना आई, वडील आणि त्यांची दोन लेकरे सरहद्दीपासून काही पावलांवर बर्फात गोठून मरण पावली. त्या दुर्दैवी जीवांचा न्याय करणारे आपण कोण? त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. परंतु “सहल म्हणून लिहा, पुढचे आम्ही पाहून घेऊ,” असे सांगणारा एजंट आपल्या दाराशी आला, तर त्या चार देहांचे स्मरण ठेवून त्याला तेथूनच वाटेला लावावे.

आईवडिलांनो, अर्ज भरण्याचे काम बहुधा रात्री जेवणानंतर होते आणि मुले कुतूहलाने खांद्यावरून डोकावत असतात. परमेश्वराची आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते, हे ती धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतात. ती आज्ञा पाळावयाची कशी, हे त्या रात्री तुमच्याकडून शिकतात. अर्जाच्या तळाशी वरील माहिती खरी असल्याची कबुली असते. तेथे खूण करण्यापूर्वी क्षणभर थांबून सारे पुन्हा वाचा. तुमच्या मागून त्याच दाराशी आणखी कोणी उभे राहणार आहे. त्याच्यासाठी ते दार उघडे राहील असे वागा.