मालवण : करवीरचे बंदर

कोल्हापूरचा इतिहास आपण पन्हाळ्याच्या तटापासून सांगायला घेतो आणि राधानगरीच्या धरणापर्यंत आणतो. त्यात समुद्र येत नाही. मला ही मोठी उणीव वाटते, कारण अठराव्या शतकाचा बहुतेक काळ करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, छत्रपतींकडे कोकणातले एक बळकट बंदर होते. फोंडा घाटाखालचे मालवण.

नकाशात मालवणचा उपसागर उथळ आणि साधा दिसतो. खरी रचना पाण्याखाली आहे. किनाऱ्यासमोर खडपांच्या रांगा पसरल्या आहेत. काही ओहोटीला उघड्या पडतात, काही कधीच दिसत नाहीत. त्यांच्यावर लाटांचा जोर मोडतो, म्हणून आतले पाणी त्या मानाने शांत राहते. आत शिरण्याच्या वाटा मात्र अरुंद आणि वाकड्या. इथल्या गाबीत मच्छीमारांच्या तांडेलाला त्या पाठ असतात. परक्या जहाजाचा तळ फुटतो. निसर्गाने बंदर दिले आणि त्याची किल्ली स्थानिकांच्या हाती ठेवली.

शिवाजी महाराजांनी नेमके हे हेरले. किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवरच्या कुरटे बेटावर 1664 मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि तीन वर्षांत सुमारे 48 एकरांचा किल्ला उभा राहिला. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या खडकावर दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. ते नसते तर बेटावर शिबंदी राहिली नसती. पुढे पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या मुखाशी सर्जेकोट. पद्मगडापर्यंत ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून चालत जाता येते. चारही ठिकाणे मिळून एकच संरक्षणव्यवस्था होती. एकटा सिंधुदुर्ग पाहून परतणाऱ्याला ती उमगत नाही.

वस्ती या व्यवस्थेच्या आडोशाने वाढली. आरमाराला खलाशी हवेत, सुतार हवेत, घाटावरचा माल उतरवून घेणारे व्यापारी हवेत. गाबितांची घरे पुळणीलगत, बाजारपेठ थोडी आत, त्यामागे माडांच्या बागा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला सगळी वाडी किनाऱ्यावर लागते, म्हणून घरेही पाण्याजवळच राहिली.

सातारा आणि कोल्हापूर या दोन मराठा गाद्यांमधल्या 1731 च्या वारणेच्या तहाने साळशीपासून दक्षिणेकडचे कोकण कोल्हापूरकडे आले. त्याआधीच, पन्हाळ्यावर कारभार पाहणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त आरमाराला स्वतंत्र प्रकरण दिले होते. गलबतांच्या लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, इतक्या बारकाव्याने ते लिहितात. घाटमाथ्यावर बसून समुद्राचा एवढा विचार करणारे राज्य होते हे.

मालवणच्या गलबतांचा जाच इंग्रजांना इतका झाला की त्यांच्या दफ्तरांत इथले लोक चाचे म्हणून नोंदले गेले. करवीरच्या दृष्टीने तो आपल्या पाण्यावरचा अंमल होता. 1765 मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले. तेव्हा कोल्हापुरात महाराणी जिजाबाई राज्य चालवत होत्या. पुढच्याच वर्षी तहाने आणि मोठी रक्कम मोजून किल्ला परत मिळाला. एका डोंगरी राज्याने बंदरासाठी खजिना रिकामा करावा, यावरून त्याचे मोल कळते.

1 ऑक्टोबर 1812 च्या तहाने मालवण कायमचे गेले. पेशव्यांच्या दाव्यांपासून संरक्षण हवे म्हणून जिजाबाईंच्या दत्तक पुत्राला, करवीरच्या शिवाजी महाराजांना, बंदर आणि त्याभोवतीचे किल्ले इंग्रजांना द्यावे लागले. कोल्हापूरचे राज्य त्यानंतर 1949 पर्यंत टिकले, पण समुद्राविना.

इंग्रजांच्या हाती येऊनही मालवण मोठे बंदर झाले नाही. खडपांनी मोठ्या जहाजांना पूर्वीसारखेच बाहेर ठेवले. बोटी दूर नांगर टाकत आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. पुढे कोकण रेल्वेही कुडाळ-कणकवलीवरून, आतल्या बाजूने गेली. 1987 मध्ये हाच खडकाळ भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, कारण त्यात प्रवाळ आहेत आणि माशांच्या विणीच्या जागा आहेत. त्याच पाण्यात आज रापणवाले आणि यांत्रिक बोटी यांचा मासळीवरून संघर्ष चालू आहे. या तंट्यात मला रापणवाल्यांची बाजू खरी वाटते. खडपांमधल्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच जपल्या आणि करवीरचे आरमार त्यांच्याच जातभाईंनी हाकले.