आठ मार्चचं भाषण आधी तपासू या

महिला दिन जवळ आला की शाळांमध्ये भाषणांची तयारी सुरू होते. त्यांतल्या पुष्कळ भाषणांत एक गोष्ट हमखास असते: ८ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कमधल्या वस्त्रोद्योगातील स्त्री-कामगारांनी मोर्चा काढला, पोलिसांनी तो उधळला आणि त्याची आठवण म्हणून हा दिवस साजरा होतो.

अशा मोर्चाचा पुरावाच नाही. लिलियान कांदेल आणि फ्रांस्वाज पिक या फ्रेंच अभ्यासक स्त्रियांनी १९८२ मध्ये या कथेचा माग काढला. त्या काळच्या अमेरिकी वृत्तपत्रांत तिचा मागमूस नव्हता. ती अवतरली थेट १९५५ मध्ये, फ्रान्समधल्या कम्युनिस्ट वृत्तपत्रांत. खरा इतिहास याहून तेजस्वी आहे. १९१० मध्ये कोपनहेगनच्या समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला दिनाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी १९ मार्चला युरोपातल्या चार देशांत तो पाळला गेला. ८ मार्चला वजन आलं ते १९१७ साली. त्या दिवशी रशियातल्या पेट्रोग्राडमधल्या कामगार स्त्रिया भाकरीसाठी आणि युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि आठवडाभरात झारला पायउतार व्हावं लागलं. एवढं घडलेलं असताना मुलींच्या तोंडी रचलेली कथा का द्यावी?

अशी कथा तपासून पाहणं हीच माध्यम साक्षरता. ‘माध्यम साक्षरता म्हणजे संगणकाचा तास’ हाही गैरसमजच. त्यासाठी लॅब लागत नाही, वर्गात एक वर्तमानपत्र पुरतं. पहिल्या पानावर किती पुरुषांची नावं आहेत आणि किती स्त्रियांची, हे सातवीतल्या मुलांना मोजू द्या. बाई बातमीत कशासाठी आली आहे, तज्ज्ञ म्हणून, मंत्री म्हणून की कोणाची पत्नी म्हणून, तेही लिहू द्या. २०२० च्या जागतिक माध्यम पाहणीत बातम्यांतल्या व्यक्तींमध्ये स्त्रियांचं प्रमाण जेमतेम २५ टक्के होतं. पाठ्यपुस्तकही असंच वाचता येतं. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र आलं, तेव्हा त्याची बातमी झाली. त्याची बातमी का व्हावी, हा प्रश्न मुलं बरोबर विचारतात.

राहिला तिसरा समज: मुलीच्या हातात मोबाइल नसला की ती सुरक्षित. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, स्त्रिया फक्त ३३ टक्के. मुलीचा फोटो चोरून बनावट चित्र करणाऱ्याला तिचा मोबाइल लागत नाही. मोबाइल काढून घेतला, तर खोटं ओळखण्याची आणि तक्रार करण्याची तिची वाट मात्र बंद होते. आणि असं चित्र पुढे पाठवायचं नसतं, हे मुलग्यांना शिकवायचं राहूनच जातं.

शिक्षकांना एवढंच सांगणं आहे: या आठ मार्चला भाषण पाठ करून घेण्याआधी ‘हे तुला कोणी सांगितलं आणि त्याला पुरावा काय?’ हे दोन प्रश्न विद्यार्थ्याला विचारा, आणि उत्तर शोधायला त्याला आठवडाभर द्या.