कंपवात टाळण्याचे औषध : चाचणी कठीण का?

‘वडिलांना कंपवात झाला, आम्हांस होऊ नये म्हणून औषध आहे का?’ कसालच्या आपल्या रुग्णालयात नातेवाईक विचारतात. असे सिद्ध औषध अद्याप नाही. हात थरथरू लागेपर्यंत डोपामिन निर्माण करणाऱ्या मेंदूपेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो. म्हणून चाचणी लक्षणांपूर्वीच हवी. पण ती कोणावर? स्वप्नाबरहुकूम झोपेत हातपाय झाडण्याचा विकार असलेल्या १२८० जणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांत दरवर्षी सुमारे सहा टक्क्यांना कंपवात वा तत्सम व्याधी जडली. आम्हां वाणिज्यवाल्यांचा हिशेब असा : औषधाने शंभरांतील सहाचे तीन झाले, तरी तो योगायोग नव्हे हे ठरविण्यास शेकडो माणसे व कित्येक वर्षे लागतील. शिवाय आज धडधाकट असलेल्यास हा धोका सांगण्यापूर्वी, त्याला तो जाणून घ्यावयाचा आहे का, हे विचारावे लागते.